पात्रता आणि जागा : रत्नागिरीच्या चाकरीचा एक इतिहास

इ. स. १८७५ मधली गोष्ट. दापोली तालुक्यातील मुरूड गावचा एक मुलगा परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. मराठी शाळेच्या सहाव्या इयत्तेची ही परीक्षा सरकारी नोकरीची किल्ली समजली जाई. ती उत्तीर्ण होणाऱ्यास कारकुनी किंवा शाळाखात्यातील मास्तरकी मिळू शके. पावसाळी हवेमुळे समुद्रमार्ग बंद होता, म्हणून तो आणि त्याचे सोबती पायीच निघाले. शंभर मैलांहून अधिक वाट, मध्ये सह्याद्री, वर पाऊस. साताऱ्यास पोचल्यावर परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी मुलाकडे पाहिले आणि तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, असे सांगून त्याला परत पाठवले. तो सतरा वर्षांचा होता. हाच मुलगा पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणून ओळखला गेला.

हा प्रसंग आजवर एका थोर पुरुषाच्या चिकाटीची कथा म्हणून सांगितला गेला. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या मुलाला काय येते, हे तपासलेच गेले नाही. गणित नाही, व्याकरण नाही. पहिला प्रश्न विचारण्याआधीच तो गाळला गेला. नोकरीच्या दारावर नेहमी दोन प्रश्न उभे असतात. या माणसाला काम जमेल काय, हा पहिला. आणि जमलेल्या गर्दीतून माणसे कमी कशी करायची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नातून कौशल्याची मागणी जन्मते, दुसऱ्यातून गाळणी. अडचण अशी की दुसरा प्रश्न बहुधा पहिल्याचाच वेष घेऊन येतो, आणि दारातून परतलेला माणूस आयुष्यभर समजत राहतो की आपल्याला काम येत नव्हते.

हे आज आठवण्याचे कारण आहे. रत्नागिरीच्या परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दर उन्हाळ्यात संगणक आणि माहिती तंत्रज्ञानाचे पदवीधर बाहेर पडतात. त्यांच्यासमोर येणाऱ्या जाहिरातींत जागा ‘नवशिक्यांसाठी’ असते आणि त्याच ओळीखाली दोन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. प्रोग्रॅमिंगच्या चार भाषा, क्लाउडचे प्रमाणपत्र, कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख, इंग्रजी संभाषण, अशी यादी वर्षागणिक लांबते. ती पुरी न करणाऱ्यास सांगितले जाते की बाजारात नोकऱ्या भरपूर आहेत, उणीव आहे ती कौशल्याची. या विधानाची परीक्षा आकडेवारीने होते तशी इतिहासानेही होऊ शकते, आणि त्यासाठी रत्नागिरीइतका सोयीचा जिल्हा दुसरा नाही. गेली दोनशे वर्षे हा जिल्हा दुसरीकडच्या जागांसाठी माणसे तयार करीत आला आहे. (१ मे १९८१ पूर्वीच्या ‘रत्नागिरी’त आजचा सिंधुदुर्गही येतो, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

पलटण

रत्नागिरीची पहिली मोठी ‘कंपनी’ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई लष्करात दक्षिण कोकणातून मोठी भरती होत असे, आणि भरती झालेल्यांत महार समाजातील शिपायांचे प्रमाण लक्षणीय होते. दापोली हे लष्करी ठाणे होते. ‘कॅम्प दापोली’ हे नाव त्याची खूण म्हणून राहिले. पलटणीने या माणसांना पगार आणि पेन्शन दिली, शिवाय शिक्षण दिले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते काही काळ दापोलीस राहिले. डॉ. आंबेडकरांच्या घरात पुस्तक आले ते या वाटेने.

मग १८९०नंतरच्या काही वर्षांत ‘लढाऊ जाती’ आणि बिगर-लढाऊ जाती असा सिद्धान्त लष्करी धोरणात प्रबळ झाला आणि महारांची भरती थांबली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी बंदूक चालवली, त्यांच्यात लढण्याचे अंगभूत गुण नाहीत, असे ठरले. पेन्शनीत निघून दापोलीस स्थायिक झालेले गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४च्या सुमारास सरसेनापतींकडे जाण्यासाठी जो अर्ज लिहिला, त्यात पूर्वजांच्या सेवेचे दाखले होते. त्या अर्जाने निर्णय बदलला नाही.

बदलला तो महायुद्धाने. १९१७ साली सैन्यास माणसे कमी पडू लागली तेव्हा १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली गेली. १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात, महार रेजिमेंट उभारली गेली. १९१६ साली ज्यांच्यात ‘गुण’ नव्हते त्यांच्यात १९१७ साली ते कोठून आले? गुण जागच्या जागी होते. बदलली होती ती जागांची संख्या. आमच्या मते रत्नागिरीच्या चाकरीच्या इतिहासातील हा पहिला धडा आहे, आणि सर्वांत कडवट.

मॅट्रिक

पांढरपेशा रत्नागिरीची वाट वेगळी होती. ती शाळेतून जात असे. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत रत्नागिरीत शिक्षक होते आणि पुढे शाळाखात्यात बढती मिळून १८६६ साली पुण्यास गेले. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म गुहागर तालुक्यातील कोतळूकचा. वडिलांच्या मृत्यूनंतर थोरले बंधू गोविंदराव कागलला पंधरा रुपयांवर नोकरीस लागले आणि त्यांतले आठ रुपये गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. पंधरांतले आठ! ‘मानवी भांडवलातील गुंतवणूक’ असे ज्याला आजचे अर्थशास्त्र म्हणते, तिचे इतके नेमके उदाहरण दुसरे सापडणे कठीण. कोकणातल्या असंख्य घरांनी हेच केले. फरक एवढाच की त्या घरांतला गोपाळ कौन्सिलात गेला नाही, कचेरीत गेला.

कचेरीचे दार मात्र हळूहळू अरुंद होत गेले. आधी मराठी सहावी पुरे होती; मग इंग्रजी आले; मग मॅट्रिक. रत्नागिरीजवळच्या मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, १८८९ साली मॅट्रिक झाले तेव्हा तेविशीच्या आसपास होते. वडील शिक्षक, घरात विद्या होती, पैसा नव्हता. मॅट्रिकचा कागद हाती आल्यावर त्यांच्या वाट्यास काय आले? मुंबईतील तुटपुंज्या पगाराच्या आणि तात्पुरत्या नोकऱ्या, मग खानदेशातील मास्तरकी, फैजपूर, अखेर धारवाड. १९०५ साली हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला. आधुनिक मराठी कवितेचा प्रवर्तक म्हणून आम्ही त्यांना शिकतो आणि शिकवतो. परंतु त्यांच्या चरित्राचा सांगाडा एका मॅट्रिक झालेल्या बेकार-अर्धबेकार तरुणाचा आहे, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. त्यांच्या कवितेतील अस्वस्थतेला इंग्रजी रोमँटिक कवींचे ऋण आहे, हे खरे. भाड्याच्या खोलीचेही थोडे ऋण असावे.

याच काळात आणखी एक उलथापालथ झाली. पिढ्यान्‌पिढ्या कोकणातील कारकुनाची खरी शिदोरी म्हणजे मोडी अक्षर. वळणदार मोडी लिहिणारा आणि जुना दप्तरी कागद भराभर वाचणारा माणूस कोठेही पोट भरू शके. १९१७च्या सुमारास मुंबई सरकारने कारभारासाठी बाळबोध लिपी स्वीकारली. मोडी शाळांतून त्यानंतरही काही दशके शिकवली गेली, पण बाजारातील तिची किंमत उतरू लागली. येथे खरेखुरे कौशल्य होते आणि ते कमी पडल्यामुळे कोणी हरला नाही. कौशल्याखालची जमीन सरकली. आज अभिलेखागारात मोडी वाचणाऱ्यांचा तुटवडा आहे, आणि त्यांच्यासाठी प्रमाणपत्राचे वर्ग निघाले आहेत.

साचा

आता गिरणीकडे वळू. कारण आमच्या मांडणीची खरी कसोटी तेथे आहे. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापिली आणि दोन वर्षांनी ती सुरू झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत मुंबईला माणसे पुरवण्यात रत्नागिरीचा क्रमांक पहिला होता. १९२१च्या जनगणनेत मुंबई शहरात राहणारे, पण जन्माने रत्नागिरी जिल्ह्याचे, असे लोक दोन लाखांहून अधिक निघाले. ‘चाकरमानी’ हा शब्द ज्यांच्यामुळे घराघरांत रुजला ते हे लोक. २०२५ साली गणेशोत्सवाच्या तोंडावर या शब्दातील ‘चाकर’ कमीपणाचा वाटतो म्हणून शासकीय पातळीवर ‘कोकणवासीय’ म्हणण्याची सूचना झाली. भावना समजण्यासारखी आहे. पण शब्द बदलल्याने चाकरीचा इतिहास पुसला जात नाही.

साचेखात्यात, म्हणजे विणाईत, कोकणातला मराठा कामगार प्रबळ होता. साचा चालवणे हे सोपे काम नव्हे. धोट्याचा वेग, सूत तुटल्याचा अंदाज, हवेतील दमटपणा, एकाच वेळी दोन साच्यांवर नजर: हे सारे अंगात मुरावे लागे. आणि तरीही त्यासाठी कोणी शाळेचा दाखला मागितला नाही. गावाहून आलेला मुलगा चुलत्याचा डबा घेऊन खात्यात जाई, साच्याशेजारी उभा राही, हात लावून पाही, आणि एके दिवशी बदली म्हणून लागे. गिरण्या वाढत होत्या, माणसे हवी होती. म्हणून कौशल्य कामावर शिकवले जात होते. हा दुसरा धडा: जेथे मागणी खरी असते तेथे शिकवण्याचा खर्च मालक सोसतो, निदान तो जागेवरच शिकू देतो, जेथे मागणी कमी असते तेथे उमेदवाराने आधीच शिकून यावे, असे म्हटले जाते.

पण गिरणीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गाळणी तेथेही होती. ती जॉबरच्या हाती होती. भरती त्याच्या मर्जीने होई, त्यासाठी दस्तुरी द्यावी लागे, आणि ओळखीचा, गावचा, नात्याचा माणूस आधी घुसे. व्हिटले आयोगाने १९३१च्या अहवालात जॉबरचा हा अधिकार काढून घेण्याची शिफारस केली; १९३५ साली मुंबईतील गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंदणी सुरू केली. याहून भयंकर गाळणी जातीची होती. साचेखात्यात पगार अधिक. पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते तांत्रिक: धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागते, मग एकाचे उष्टे दुसऱ्यास कसे चालेल? १९२८च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार चळवळीपुढे मांडला तेव्हा चळवळीचीही अडचण झाली. तंत्राची गरज म्हणून सांगितलेली अट प्रत्यक्षात माणसे बाहेर ठेवण्याची सोय असते, याचा असा ढळढळीत पुरावा दुसरा नसेल. एकाच कोकणातून एकाच बोटीने आलेली दोन माणसे एकाच गिरणीच्या दोन खात्यांत गेली. फरक हातांच्या कसबाचा नव्हता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. तीस वर्षे साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचे कसब पुढच्या दोन-तीन वर्षांत बिनकामाचे ठरले. ते विसरला म्हणून नव्हे, गिरणी उरली नाही म्हणून. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’मधील घर आपण रंगमंचावर पाहिले, त्या घरातील तरुण मुलांची कोंडी ‘कौशल्याच्या अभावा’ची होती असे म्हणणे कोणा प्रेक्षकाला सुचणार नाही. मग त्यांच्या नातवंडांविषयी ते इतके सहज का म्हटले जाते?

टंकलेखन

गिरणी संपली तरी मनीऑर्डर संपली नाही. १८८०पासून टपालखात्याने सुरू केलेल्या या सेवेवर कोकणातील कितीतरी गावे उभी राहिली. आता पैसे पाठवणारा हात मात्र बदलला. साच्यावरचा हात टंकलेखन यंत्रावर आला.

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतील एखाद्या माडीवर, टाइपिंगची संस्था असे. सकाळी सातपासून यंत्रांचा खडखडाट. इंग्रजी चाळीस, मराठी तीस, हे शब्दवेगाचे आकडे त्या पिढीला पाढ्यांसारखे पाठ होते. या वर्गांनी एक मोठे काम केले, ते नोंदवले पाहिजे: मुलींना त्यांनी घराबाहेर एक निर्धोक, प्रतिष्ठित, पगाराची वाट दिली. तेथे जॉबर नव्हता, चुलता नव्हता. मिनिटाला किती शब्द, एवढाच प्रश्न. परीक्षेच्या गाळणीची ही उजळ बाजू आहे, आणि तिच्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र गोदरेजने १९५५ साली आणले आणि २००९च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबवले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आला. शासकीय नोकरीत तो आवश्यक ठरला. पाहता पाहता टाइपिंगच्या माड्यांवर संगणक आले. पाटी बदलली, जिना तोच राहिला. प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या वाढत गेली, पण त्या प्रमाणपत्राने पात्र होणाऱ्या कारकुनी जागा त्या वेगाने निघाल्या नाहीत. ज्या प्रमाणपत्राने प्रारंभी एखादा उमेदवार उठून दिसे, ते काही वर्षांत सर्वांकडे झाले, आणि मग त्याचे असणे बिनमोलाचे, नसणे मात्र जीवघेणे झाले. मॅट्रिकचे हेच झाले होते.

संगणक

१९९० ते २००० या दशकात रत्नागिरीत एकामागून एक गोष्टी घडल्या. कोकण रेल्वेचे महामंडळ १९९० साली स्थापन झाले आणि १९९८ साली मार्ग पूर्ण झाला. १९९६ साली रत्नागिरीत फिनोलेक्स अकॅडमी, १९९८ साली देवरुखजवळ आंबव येथे राजेंद्र माने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे ज्या काळात गाडी आली त्याच काळात पदवीही आली. दोन्हींचा रोख जिल्ह्याबाहेर होता: एकीने मुंबई जवळ केली, दुसरीने पुण्याचे हिंजवडी.

तो काळ संगणक-भरतीच्या पहिल्या मोठ्या लाटेचा. जुन्या प्रणालींत वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिलेले. २००० साल उजाडताच त्या गोंधळतील म्हणून जगभर धावपळ चालली होती. १९५९ साली जन्मलेली कोबोल ही भाषा त्या धावपळीत अचानक सोन्याची झाली. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्या लाटेत आणि नंतरच्या तेजीतही कंपन्यांनी संगणकाचाच पदवीधर हवा असा हट्ट धरला नाही. स्थापत्य, यंत्र, विद्युत, कोणत्याही शाखेचा अभियंता घेतला, तिरुवनंतपुरम किंवा म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रात काही महिने पगार देऊन बसवला आणि संगणकाची भाषा शिकवली. साच्याशेजारी उभा राहणारा पुतण्या आणि म्हैसूरच्या वर्गातील हा अभियंता, यांच्यात आम्हांला कूळ एकच दिसते. मागणी खरी होती, म्हणून शिकवणे मालकाचे काम होते.

मग ओघ मंदावला की भाषा बदलते, हेही याच क्षेत्राने दाखवले. २००१ साली डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर आणि २००८-०९च्या मंदीत निवडपत्र हाती असलेल्या मुलांच्या रुजू होण्याच्या तारखा पुढे गेल्या. २००५ साली नॅसकॉम-मॅकिन्झी अहवालाने भारतातील तांत्रिक पदवीधरांपैकी सुमारे एक चतुर्थांशच बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कामास योग्य आहेत असे सांगितले, आणि ‘नोकरीयोग्यता’ हा शब्द कुलगुरूंच्या भाषणांत शिरला. २००८ साली राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ, २०१५ साली ‘स्किल इंडिया’. बेकारी हा शब्द मागे पडला आणि त्या जागी कौशल्य बसले. या बदलाचा अर्थ भाषेच्या विद्यार्थ्यांनी तरी नीट वाचला पाहिजे. बेकारी ही समाजाची अवस्था असते. कौशल्याचा अभाव हा त्या मुलाचा दोष असतो. शब्द बदलला की जबाबदारी घर बदलते.

अगदी अलीकडचा पुरावा पाहा. २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात टीसीएसने सुमारे एक लाख नवे पदवीधर घेतले. २०२३-२४ या वर्षात टीसीएसची मनुष्यसंख्या तेरा हजारांनी, इन्फोसिसची सुमारे सव्वीस हजारांनी आणि विप्रोची चोवीस हजारांनी घटली. दोन वर्षांत अभ्यासक्रम बदलला नव्हता, प्राध्यापक बदलले नव्हते, मुलांची बुद्धी आटली नव्हती. २०२२मध्ये बाहेर पडलेला थोरला भाऊ ‘योग्य’ आणि २०२४मध्ये त्याच बाकावरून उठलेला धाकटा ‘अयोग्य’, हे कसे? १९१६ आणि १९१७ चीच गोष्ट उलटी वाचावी. नवशिक्याचा वार्षिक पगार दहा वर्षांहून अधिक काळ तीन-साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे, हेही विसरू नये. खरोखर दुर्मीळ असलेल्या मालाची किंमत अशी गोठत नसते.

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले आणि चित्र आणखी गुंतागुंतीचे झाले. नवशिक्याला ज्या कामांतून धंदा उमगे (चाचण्या लिहिणे, बारीकसारीक दुरुस्त्या, जुन्या प्रोग्रॅमची डागडुजी), तीच कामे आता यंत्राकडे देता येतात. जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार, मुख्यतः मधल्या व वरच्या पातळीवरच्या, जागा कमी करण्याचे जाहीर केले; म्हणजे अनुभवही अभय देत नाही. साच्याशेजारची ती उभे राहण्याची जागाच नाहीशी होते आहे काय, हा खरा प्रश्न आहे. अनुभवी माणूस हवा आणि अनुभव मिळण्याची पायरी नको, हा हट्ट कोणताही धंदा एका पिढीपेक्षा अधिक काळ चालवू शकेल असे आम्हांला वाटत नाही.

मधल्या काळात एक अपवाद घडून गेला. २०२० साली महामारीने कचेऱ्या बंद पडल्या आणि पुण्या-मुंबईचे संगणक-चाकरमानी लॅपटॉप घेऊन गावी आले. सड्यावर, शाळेच्या पडवीत, जेथे नेटवर्क मिळेल तेथे बसून त्यांनी तेच काम केले. दोनशे वर्षांत प्रथमच चाकरी आणि गाव एका छपराखाली आले. काम अडले नाही. तरीही यथावकाश सगळ्यांना परत बोलावले गेले. काम करण्यासाठी गाव सोडावे लागतेच, हेही तंत्राच्या गरजेचे सोंग घेतलेले दुसरेच काही होते, एवढे त्या काळात दिसून गेले.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, ही मांडणी एकांगी आहे. कौशल्य खरे असते; पूल बांधणाऱ्यास गणित यावेच लागते आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास विचारांची शिस्त. हे आम्हांला मान्य आहे. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो आमच्याच साक्षींतून निघतो: गाळणी नको म्हणावे तर मग काय हवे? जॉबर? चुलता? ज्याच्या मागे नाते नाही, जात नाही, गाव नाही, त्याला परीक्षेनेच दार उघडले. टाइपिंगच्या माडीवरच्या मुलीला मिनिटाच्या शब्दांनी न्याय दिला. वशिल्याने दिला नसता. सुभेदारांच्या घरातील मुलाचा पुढचा सगळा प्रवास परीक्षांतूनच झाला.

या आक्षेपाचे वजन आम्ही कमी लेखीत नाही. म्हणूनच आम्हांला भेद करावासा वाटतो तो परीक्षा हवी की नको असा नाही. परीक्षा कोणाची जागा घेते, असा आहे. परीक्षा जेव्हा वशिल्याची जागा घेते तेव्हा ती मुक्त करते. परीक्षा जेव्हा नसलेल्या नोकरीची जागा घेते तेव्हा ती फसवते. पहिल्या परीक्षेनंतर कोणीतरी रुजू होतो. दुसरीनंतर फक्त पुढच्या परीक्षेचा अर्ज निघतो. उमेदवाराला ही दोन्ही दारे बाहेरून सारखीच दिसतात. आतली जागा दिसावी यासाठी त्याला इतिहास लागतो.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांपूर्वी ती १६,९६,७७७ होती. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आकसला. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. साक्षरता ८२ टक्के. हे तीन आकडे शेजारी ठेवले की जे दिसते ते अडाणी जिल्ह्याचे चित्र नव्हे. शिकलेल्या आणि रिकाम्या होत गेलेल्या जिल्ह्याचे आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘रथचक्र’मधील आई मुलांच्या शिक्षणासाठी घर सोडते. दापोलीकडच्या मातीतून आलेल्या त्या लेखकाने शिक्षणाची किंमत कोण मोजते, हे नेमके ओळखले होते. येथल्या आयांनी ती किंमत मोजली. मोबदला दूरच्या शहरांत जमा झाला.

शेवटी आमच्या-तुमच्याविषयी. हा मजकूर वाचणारे बहुतेक जण साहित्याचे विद्यार्थी किंवा अध्यापक आहेत, आणि संगणकाची बाजारपेठ हा आपला प्रांत नव्हे असे त्यांना वाटण्याचा संभव आहे. त्यांनी आपल्याच कपाटातील कागद पाहावेत. एम. ए., मग नेट किंवा सेट, मग पीएच. डी.; २०१८च्या नियमांनी विद्यापीठातील साहाय्यक प्राध्यापकपदासाठी पीएच. डी. आवश्यक ठरवली, मग मुदत पुढे गेली, मग २०२३ साली नेट-सेट पुरे असे ठरले. या साऱ्या काळात किती जण तासिका तत्त्वावर शिकवीत राहिले? त्यांना शिकवता येत नव्हते म्हणून? मंजूर जागा भरल्या जात नव्हत्या म्हणून. वर्गात केशवसुत शिकवणारा तो तासिका तत्त्वावरचा अध्यापक केशवसुतांचा भाष्यकार तर आहेच, वारसही आहे.

रत्नागिरीच्या बाजूला जुन्या घरांच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात तळाशी पलटणीचा पेन्शनकागद किंवा व्हर्नाक्युलर फायनलचा दाखला, त्यावर गिरणीचा बिल्ला, त्यावर टाइपिंगचे प्रमाणपत्र, त्यावर एमएस-सीआयटी, आणि सर्वांत वर प्लॅस्टिकच्या पिशवीत अभियांत्रिकीची गुणपत्रके. प्रत्येक कागद खरा आहे. प्रत्येकामागे कोणाचे तरी आठ रुपये आहेत. त्या पेटीतील सर्वांत वरचा कागद ज्याचा आहे त्याला, पुढची मुलाखत नाकारली गेल्यावर, तुला काही येत नाही असे कोणी म्हटले, तर निदान त्याच्या शिक्षकांनी तरी त्यास दुजोरा देऊ नये. त्याला १८७५ मधली साताऱ्याची गोष्ट सांगावी. तो मुलगा सतरा वर्षांचा होता.